गाडीचा जीव

आमच्या घरातली सकाळ गाडीच्या सेल्फनं व्हायची. आधी आप्पांचा खोकला, मग हौद्याच्या फळीवर बकऱ्यांच्या खुरांचा खडखडाट, मग सेल्फचं लांबलचक रडगाणं आणि शेवटी इंजिनाचा असा ठोका, की फडताळातली पितळी भांडी किणकिणायची. आई चुलीपुढून म्हणायची, "उठली बाई म्हातारी." म्हातारी म्हणजे आमची पिकअप. डिझेलवर चालणारी, कुणाकुणाच्या हातांतून फिरून आमच्या दारात आलेली. हौद्याचा पत्रा कुजलेला, दाराला आतून कडी नव्हती, तिथं सुतळी बांधलेली. आप्पांच्या आधीच्या पिढ्या मेंढरांमागं पायी फिरल्या. आप्पांनी कळप मोडून ही गाडी घेतली आणि गावोगावची शेळ्या-मेंढरं आठवडी बाजारांना पोचवायचं काम धरलं. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा, कधी पार सोलापूर. आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, अगदी माझ्या शाळेच्या दप्तरालाही लेंड्यांचा वास असायचा. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. मला तो वास आजही कुठं आला तर घर आठवतं, आणि मी नाक मुरडत नाही.

आप्पा गाडी चालवायला उतारवयात शिकले आणि शेवटपर्यंत ती जनावर हाकल्यासारखीच चालवत राहिले. चढ आला की तिला "हाँ, हाँ, चल" म्हणायचे. गाडीच्या आत काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पाना हातात धरणं तर सोडाच, पंक्चर काढतानासुद्धा ते लांब लिंबाखाली जाऊन बसायचे. तो सगळा कारभार माझ्या थोरल्या भावाचा, मल्हारीदादाचा. खंडोबाला नवस करून झालेला, म्हणून मल्हारी. शाळा त्यानं कधीच सोडली होती. पण वायर, बल्ब, मोटर असलं काही दिसलं की त्याचे डोळे चमकायचे. म्हातारीला त्यानं नवरीसारखं सजवलं होतं. हौद्याच्या कडेनं निळे-लाल दिवे, केबिनमध्ये टेप, गाणं म्हणणारा हॉर्न, आणि या सगळ्यांसाठी लाकडी फळीवर बसवलेली बटणं. वायरी मिळेल तिथून गोळा केलेल्या, कुठल्या लग्नाच्या मांडवातली उरलेली, कुठल्या बंद पडलेल्या विहिरीच्या मोटारीची. जोडावर तो सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळायचा, कारण चिकटपट्टी उन्हानं सुटते म्हणे. आप्पा कपाळाला हात लावायचे. "आरं, गाडी हाय का मांडव हाय ही? एक दिवस पेटून जाशील." दादा हसायचा आणि हॉर्न वाजवायचा. हौद्यातल्या शेळ्या दचकून एका बाजूला व्हायच्या.

मी त्याची मदतनीस. त्याच्याकडं एक तपासायचा बल्ब होता, होल्डरमधून दोन लांब वायरी काढलेला. एक वायर गाडीच्या पत्र्याला लावायची, दुसरी जिथं करंट बघायचा तिथं टेकवायची. बल्ब लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. "सुमे, बल्बाकडं बघ, माझ्या तोंडाकडं न्हवं," तो वायरींत डोकं घालून ओरडायचा. ते दिवस मी इतके उगाळलेत, की त्यातलं खरं किती आणि मनानं भरलेलं किती, हे आता मलाच सांगता येत नाही.

आईचा गाडीशी संबंध महिन्यातून एकदा यायचा, अमावस्येला. आमच्याकडं अमावस्येला गाडी पूजल्याशिवाय कुणी रस्त्यावर काढत नाही. सुरुवातीला आई चारचौघांसारखी पुढच्या चाकाला हळदीकुंकू लावायची, नारळ फोडून पाणी टायरवर ओतायची. एकदा दादानं तिची थट्टा केली. बॉनेट उघडलं, तिचा हात धरून बॅटरीपाशी नेला आणि म्हणाला, "आई, टायरला पुजून काय व्हतंय? गाडीचा जीव हितं असतोय." तिला ते एकदम पटलं. जीव जिथं आहे तिथंच देवाचं काही घालावं, यात चूक काय? त्या दिवसापासून अमावस्येला बॉनेट उघडलं जायचं. अणदूरच्या खंडोबाचा भंडारा ती बॅटरीवर मूठ भरून उधळायची, नारळाचं पाणी वरून सोडायची आणि काहीतरी पुटपुटायची. दादा शेजारी हात जोडून उभा राहायचा, मला डोळा घालायचा आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा पळवायचा. पाणी झिरपत बॅटरीच्या खाली कुठं जातं, हे कुणी वाकून बघितलं नाही. बघायचं कारणही नव्हतं.

दादा गेला तो उसाच्या दिवसांत. बाजार उरकून रिकामी गाडी घेऊन तो एकटाच घरी येत होता, दिवेलागण झाली होती. वाटेत गाडीचे सगळे दिवे एकदम गेले. पुढं रस्त्यावर उसानं भरलेली ट्रॉली उभी होती, तिलाही मागं दिवा नव्हता. ट्रॉलीचा मागचा फाळका बॉनेटच्या वरून, काचेतून सरळ आत आला. मला पुढं कितीतरी वर्षं एकाच गोष्टीचा राग येत राहिला. पेट्रोलची गाडी असती तर करंट गेल्याबरोबर तीही बंद पडली असती. डिझेलच्या जुन्या इंजिनाला एकदा चालू झालं की करंटची गरज नसते. दिवे विझले तरी ते आपलं चालतच राहतं. माणसं धावत पोचली तेव्हाही ते चालूच होतं, आणि बंद कसं करायचं हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या दारात गाव जमलं होतं. दिवे अचानक गेले, हे मागून मोटारसायकलवर येणाऱ्यानं पाहिलं होतं, आणि तो ते पुन्हा पुन्हा सांगत होता. आप्पा अंगणात खाली मान घालून बसले होते. कुणीतरी विचारलं, असं कसं झालं हो? आप्पा मान वर न करता म्हणाले, "त्याच्या हातानंच खाल्लं त्याला. सांगून सांगून थकलो, त्या वायरी काढ म्हणून." ते दुःखात बोलले हे मला कळतं, तेव्हाही कळत होतं. पण ते वाक्य गावात राहिलं. पाण्याला गेलं तरी बायका हळू आवाजात तेच म्हणायच्या, पोरानं गाडीत नसते चाळे केले आणि जिवानिशी गेलं. आईनं ते वाक्य भिंतीला टेकून ऐकलं होतं. ती रडली नाही. पुढं कितीतरी दिवस ती आप्पांना जेवायला वाढायची, पण ताटाकडं बघून वाढायची.

गाडी विकावी तर अशी गाडी घेणार कोण, आणि विकली तर खायचं काय? केबिनचा पत्रा सरळ करून, नवी काच बसवून ती परत दारात आली. बॉनेटच्या आत काहीच मोडलं नव्हतं, दिवेही आपोआप परत लागत होते, म्हणून ते तसंच राहिलं. टेप, हॉर्न, निळे-लाल दिवे, सगळं दादानं ठेवलं तसं. आप्पा आता एकटेच चालवायचे, पण ऊन असेपर्यंतच. दिवस कलला की कुठल्याही गावात गाडी लावून मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी यायचे. आम्ही दोघी मायलेकी घरात. आई हुलग्याचं माडगं करायची, दोन वाट्या भरायची आणि तिसरी फडताळातून काढून परत ठेवायची. अमावस्येला मात्र ती चुकत नव्हती. उलट आता मूठ मोठी झाली होती. एक लेक गेला, आता नवरा तरी सुखरूप घरी यावा, एवढंच तिचं मागणं होतं. बॉनेट मी उघडायची. ती भंडारा उधळायची, पाणी सोडायची आणि बॅटरीला हात लावून तो छातीला लावायची.

आणि मग गाडीनं तेच दुखणं परत काढलं. सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक्' व्हायचं. गल्लीतल्या पोरांनी ढकललं की चालू व्हायची, खड्ड्यात आदळली की दिवे यायचे, पुन्हा आदळली की जायचे. एकदा बाजारातून येताना आभाळ भरून आलं, आप्पांनी दिव्याचं बटण दाबलं आणि काहीच लागलं नाही. अंधार पडायच्या आत ते कसेबसे घरी पोचले. नळदुर्गहून महेबूब मिस्त्रीला बोलावलं. त्यांनी बटणांची ती फळी बघितली, ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेले जोड बघितले आणि म्हणाले, "अप्पा, ये सब कचरा हाय. हे समदं उपसून फेकावं लागतंय. नवी वायरिंग टाकतो, मग बिनघोर चालवा." बाजार झाला की येतो, म्हणून ते गेले.

त्यावरून घरात जे झालं ते मला आजही लिहायला नको वाटतं. आई दारात आडवी उभी राहिली. "त्याच्या हाताचं एवढंच राह्यलंय. त्याला कुणी हात लावायचा न्हाय."

"मग म्या मरू का त्याच्यावानी?" आप्पा ओरडले. "वायर मोठी का जीव मोठा?"

"तुमी तर आधीच म्हणलाव की गावापुढं. त्याच्या हातानं खाल्लं म्हणलाव. आता ती वायर बी काढून टाका, म्हंजे खरंच व्हतंय तुमचं."

दोघंही खरं बोलत होते, आणि त्यामुळं मला कुणाचीच बाजू घेता येत नव्हती. आप्पा रोज त्या गाडीत बसून जाणार, आणि तिचे दिवे पुन्हा कधी जातील याचा नेम नव्हता. वायरी काढल्या की दादा चुकला होता, यावर घरातल्यांनीच शिक्का मारल्यासारखं होणार होतं.

मिस्त्री यायच्या आदल्या दुपारी मी दादाचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पक्कड, पेचकस, ट्यूबच्या पट्ट्या आणि तो बल्ब होता. मला गाडी दुरुस्त करायची होती असं मी म्हणणार नाही. तेवढी अक्कल नव्हती. काढायच्याच असतील तर त्या वायरी मिस्त्रीनं हिसडून काढण्याआधी एकदा बघाव्यात, आणि खोट कुठल्या जोडात होती ते तरी आपल्याला कळावं, असं वाटत होतं. आत आईचं भाकरी थापणं चाललं होतं. मी बल्बाची एक वायर पत्र्याला अडकवली आणि दुसरी दादाच्या पहिल्या जोडावर टेकवली. बल्ब लागला, पण कसा? नुसती तार लाल झाली, विझत आलेल्या विडीएवढी. दुसऱ्या जोडावर तेच. बटणांच्या फळीवर तेच. हॉर्नला, टेपला, सगळीकडं तेच मेलेलं लाल. म्हणजे दादाचे सगळेच जोड कच्चे, असं मला वाटलं.

आप्पा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. "काय करूलालीस?"

"बघूलाले."

"काय दिसलं मग?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. थकलेला आवाज होता. एकेक जोड तपासत मी उलट मागं सरकले, शेवटी बॅटरीपर्यंत आले आणि बल्बाची वायर सरळ बॅटरीच्या तोंडावर, करंट निघतो त्या खुंटीवरच टेकवली. तिथंही बल्ब तसाच लाल. मी पुन्हा टेकवून बघितलं. बॅटरीच्या तोंडावर दादाची कुठलीच वायर नव्हती. तिथं तर बल्ब लख्ख लागायला हवा होता. "बल्बाकडं बघ," दादा म्हणायचा. मी बघत राहिले आणि मग एकदम लक्षात आलं, की माझी एक वायर सगळा वेळ पत्र्याला लावलेली होती. ती काढून मी बॅटरीच्या दुसऱ्या तोंडाला लावली. बल्ब असा पेटला की भर उन्हात डोळे दिपले.

"आप्पा, हे धरा." त्यांनी ती वायर बॅटरीवर धरली, आयुष्यात पहिल्यांदा. मी दुसरी वायर घेऊन पुन्हा सगळे जोड फिरले. पहिला जोड, लख्ख. फळी, लख्ख. हॉर्न, टेप, कुजक्या पत्र्याच्या पार शेवटचा तो निळा दिवा, सगळीकडं लख्ख. दादाचा एकही जोड सैल नव्हता. मी हसत होते की रडत होते, मला आठवत नाही. आप्पांचा चेहरा मात्र आठवतो. ते बल्बाकडं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"मग गेलं कुठं?" ते म्हणाले.

बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून जाऊन पत्र्यावाटे परत बॅटरीत यावा लागतो. पत्रा आणि बॅटरी जोडणारी तांब्याची जाड पट्टी असते, तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. तीच तुटली तर पुढचं सगळं धड असून उपयोग नाही. एवढं मला दादानं शिकवलेलं होतं. आम्ही दोघांनी मिळून बॅटरी उचलून बाजूला ठेवली. तिच्या खाली, कुणाची नजर जाणार नाही अशा खोबणीत, पट्टीचा बोल्ट होता. म्हणजे असायला हवा होता. तिथं मला एक खडा दिसला, हिरवट, पिवळा, मुठीएवढा फुगलेला. मी पेचकसानं खरवडलं तर पोपडे निघाले. आत पट्टीचे दोन-चार तंतू शिल्लक होते, बाकी सगळी खाऊन गेली होती. पोपड्यात नारळाच्या शेंडीचे केस चिकटले होते. वास आला, हळदीचा आणि खवट खोबऱ्याचा.

माझ्या आधी आप्पांना कळलं. त्यांनी घराच्या दाराकडं बघितलं. आत थप थप थप भाकरी थापली जात होती. मग माझं मनगट धरून म्हणाले, "सुमन, तुझ्या आईला हे कळाय नगं. मरूस्तर न्हाय." त्यांनी मला कधी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती.

"मग काय सांगायचं?"

"म्या सांगतो."

खडा नुसत्या खरवडण्यानं निघेना, गरम पाणी लागणार होतं. मी दारातून मागितलं. मला वाटलं मीच आत जाऊन घेईन, पण आई स्वतः पातेलं घेऊन आली. आप्पांनी तिच्या हातून घेतलं आणि घाईघाईनं ओतलं. गाडीच्या खालून पाणी वाहत अंगणात आलं. पिवळं धमक पाणी, आईच्या पायांपर्यंत. तिनं खाली बघितलं.

आप्पा भरभर बोलायला लागले. "अर्थिंगची पट्टी सडली व्हती बघ. म्याच बसवली व्हती ती, पोरगं घरी नसताना. नीट आवळली न्हाय म्या. माझीच चूक."

"तुमी?" आई म्हणाली.

"व्हय, म्या."

आई त्यांच्या हातांकडं बघत राहिली. त्या हातांनी कधी पाना धरला नव्हता, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"आन् पोराच्या वायरी?"

"एक बी खराब न्हाय. समद्या चांगल्या हायत. सुमीनं बघितल्या, म्या बघितल्या." आप्पांनी एका जोडावरून अंगठा फिरवला. "लई चांगलं काम केलं व्हतं गं त्यानं."

"बरं," आई म्हणाली. रिकामं पातेलं उचलून ती आत गेली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास अंगणभर पसरला होता. त्या दिवशी आम्ही तीच करपलेली भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही तिघं एका ठिकाणी बसून जेवलो.

नवी पट्टी बसली आणि म्हातारी पहिल्या सेल्फला उठली. महेबूब मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवलं. वायरी जागच्या जागी राहिल्या. आप्पा त्यानंतर ज्या बाजारात जातील तिथं, कुणी विचारो न विचारो, सांगत सुटले, "पोराची काय चूक न्हवती. पट्टी म्या बसवली व्हती. माझ्या हातानं गेलं पोरगं." लोकांना काय, आधी एक नाव होतं, मग दुसरं मिळालं. काही जण त्यांच्या गाडीत माल घालायचे बंद झाले. एका सोयऱ्यानं तर तोंडावर म्हटलं, पोटच्या पोराला मारलंस. आप्पा मान डोलवायचे. मला चीड यायची, जीव तुटायचा, ओरडून खरं सांगावंसं वाटायचं. पण मनगटावर त्यांनी धरलेला हात अजून तसाच असल्यासारखं वाटायचं. ते हे ओझं घेऊनच गेले. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

त्यानंतरची पहिली अमावस्या येळवसेची, म्हणजे वेळा अमावस्या होती. आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. आंबिलीचं मडकं, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे घेऊन आम्हीही म्हातारीतूनच निघालो. निघताना मी सवयीनं बॉनेट उघडलं. आई नारळ आणि भंडाऱ्याची पिशवी घेऊन अंगणात आली, गाडीला वळसा घालून मागं गेली आणि हौद्यात चढून बसली. "लाव ते," एवढंच म्हणाली. नारळ तिनं शेतात, पांडव म्हणून पूजतात त्या पाच दगडांपुढं फोडला. मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी ते बघितलंच नाही असं दाखवलं, आणि आंबिलीचं भांडं तोंडाला लावलं. त्या दोघांमध्ये त्यावर कधी एक शब्द झाल्याचं मला माहीत नाही.

आप्पा गेल्यावर आई माझ्याकडं सोलापूरला राहायला आली. माझ्या मुलानं पहिली गाडी घेतली तेव्हा ती खूप थकली होती, पण पूजा आजीनंच करायची असा त्याचा हट्ट. तिनं माझ्या आधारानं ओवाळलं. नारळ फाटकाबाहेर, गाडीपासून लांब फोडायला लावला. नारळाची कवड हातात आली, त्यातलं पाणी तिच्या बोटांवर सांडलं. मुलगा म्हणाला, "आजी, थोडं गाडीवर शिंपड की."

"नगं," ती म्हणाली.

ती पदरानं हात पुसायला लागली. तळवे पुसले, बोटांच्या बेचक्या पुसल्या, मनगटं पुसली, पुन्हा तळवे पुसले. मुलाला वाटलं आजीला विसर पडला. तो हसून फाटक बंद करायला गेला. मी तिथंच उभी होते. आईनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "तुझ्या बापाला खोटं बोलाय येत न्हवतं गं."

मग हात पूर्ण कोरडे झालेत याची तिनं एकदा खात्री करून घेतली, आणि गाडीला हात लावला.